गीजचा उच्छाद आणि जेटीवर ठाण मांडून बसलेला हंस

थेम्सकाठी | १२ एप्रिल

मंडळी, मदत हवी आहे. वाचून हसू आलं तरी चालेल, पण हसून झाल्यावर उत्तर द्या.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. आमच्या फ्लॅट्सची मागची बाजू थेट थेम्सला लागून आहे. मध्ये मोठं लॉन, लॉनच्या टोकाला लाकडी जेटी, तिला दोन-चार कयाक बांधलेल्या. घर घेताना याच दृश्यावर भुललो होतो. आता त्या लॉनवर कॅनडा गीजचा (एकाला गूज म्हणतात, बदकापेक्षा मोठा पाणपक्षी) अख्खा जमाव ठिय्या देऊन असतो. काळी मान, गालावर पांढरा पट्टा आणि दिवसभर कलकलाट. खातात आणि घाण करतात, दोन्ही कामं एकाच वेळी चालू. मुलांच्या स्कूटरच्या चाकांच्या खाचांत ती हिरवट लेंडी घट्ट बसते. ती कोरून काढायला बाल्कनीत एक जुना टूथब्रश कायमचा ठेवलाय.

हे कमी होतं म्हणून मार्चअखेर हंसाच्या जोडीने जेटीशेजारच्या लव्हाळ्यात घरटं बांधलं. मादी अंड्यांवर, नर पहाऱ्यावर. कयाक पाण्यात उतरवली की हा पंख पाठीवर उभारून अंगावर येतो. परवा तर पाण्यातून वर येऊन तळमजल्यावरच्या एका आजोबांना कचराकुंडीपर्यंत पिटाळून आला.

रहिवाशांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन तट पडलेत: हाकला, मारा आणि राहू द्या. मॅनेजिंग एजंटने पक्षी पळवणाऱ्या एका कंपनीचं कोटेशन पाठवलं. आकडा बघून गीज बरे वाटायला लागले.

त्यात आई सांगलीहून आलीये. उरलेली पोळी कुस्करून रोज सकाळी नदीवर. तिच्या मते सरस्वतीचं वाहन आपण होऊन दारात आलंय आणि आम्ही करंटे त्याची तक्रार करतोय.

तर प्रश्न: कायद्याने काय करता येतं? प्रत्यक्षात कशाचा उपयोग होतो? आणि आईला कोण सांगणार?

फुकट_फौजदार | १२ एप्रिल

तिसऱ्याचं उत्तर कोणाकडेच नाही. पहिल्या दोनांसाठी ख्रिसमसपर्यंत थांबा आणि ओव्हन तापवा. कृपया हलके घ्या.

केमवरची_नाव | १२ एप्रिल

फौजदार, हंसाच्या बाबतीत हा विनोद महागात पडेल. ब्रिटनमध्ये सगळेच रानपक्षी १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याखाली येतात. जाणूनबुजून पक्ष्याला मारणं, जखमी करणं, पकडणं, वापरातलं किंवा बांधकाम चालू असलेलं घरटं मोडणं, अंडी काढणं, सगळं गुन्हा. 'हंस मारला तर राजद्रोह' ही मात्र पबमधली लोणकढी थाप आहे. खुल्या पाण्यातल्या खूण नसलेल्या म्यूट हंसांवर (म्हणजे इथल्या नेहमीच्या पांढऱ्या हंसांवर) राजघराण्याचा हक्क बाराव्या शतकापासून आहे आणि आज तो थेम्सच्या काही भागांतच प्रत्यक्ष बजावला जातो. थेम्सकाठी, तुमचं रेडिंग त्यातच येतं. म्हणजे तुमच्या दारातला गुंड सरकारी नव्हे, थेट दरबारी माणूस आहे.

मी केंब्रिजला रोइंग करते, त्यामुळे या विषयात थोडा अधिकार आहे. आमच्या केम नदीवर २००९ पासून एक नर हंस नावाड्यांवर इतका तुटून पडायचा की लोकांनी त्याचं नाव 'मिस्टर अ‍ॅस्बो' ठेवलं. इथल्या उनाड पोरांवर कोर्टाकडून जो मनाई हुकूम निघायचा, त्याचं ते लघुरूप. शेवटी रीतसर परवाना काढून २०१२ मध्ये त्याला साठेक मैलांवर नेऊन सोडलं. पुढे काय झालं? त्याच पट्ट्यात त्याचा मुलगा दादा झाला. त्याला सगळे अ‍ॅस्बॉय म्हणत. जागा चांगली असेल तर ती रिकामी राहत नाही. म्हणून तुमचा हंस हलवण्याच्या खटाटोपात पडू नका. परवाना सहजी मिळत नाही, आणि मिळाला तरी पुढच्या वर्षी दुसरी जोडी येईल.

हंसाशी कसं वागायचं ते सांगते.

तो येतो तेव्हा त्याच्या पायांकडे बघा. एरवी हंस एकाआड एक पाय मारत सरळ रेषेत तरंगतो. चिडला की दोन्ही पाय एकदम मारतो, त्यामुळे पाण्यातून हिसके देत पुढे येतो. पंख कमानीसारखे पाठीवर, मान मागे ओढलेली. ही धमकी. शंभरातल्या बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते, जर तुम्ही चालत राहिलात तर. तुम्ही थांबलात, त्याच्याकडे वळून वल्हं रोखलंत, तर तो ते आव्हान समजतो. पाण्यावर पंख आपटत धावत आला तर मात्र खरंच यायचंय त्याला. तेव्हाही वल्हं मारायचं नाही. उभं धरायचं म्हणजे आपण उंच दिसतो, आणि पलीकडच्या काठाला चिकटून एका वेगाने निघून जायचं. नर, मादी आणि पिल्लं यांच्या मध्ये कधीही शिरायचं नाही.

'हंसाच्या पंखाने माणसाचा हात मोडतो' हे प्रत्येक इंग्रज सांगतो. मोडलेला हात दाखवणारा अजून मला भेटलेला नाही. दहा-बारा किलोचा पक्षी आहे, निळंजांभळं नक्की करेल. खरा धोका नाव उलटण्याचा आहे. म्हणून लाइफ जॅकेट.

आणि घाई करू नका. अंड्यांवर बसल्यापासून पिल्लं बाहेर यायला साधारण पाच-सहा आठवडे. तुमचा हिशोब मेअखेरीचा दिसतोय. तोवर कयाक दुसऱ्या बाजूने उतरवा आणि घरट्यापासून लांब एक तात्पुरती दोरी आणि पाटी लावा. दोरी हंसासाठी नाही, माणसांसाठी.

मिसिसागाकर | १३ एप्रिल

वर हंसाचं छान सांगितलंय. गीजबद्दल मी बोलतो, कारण कॅनडात राहून त्यांच्याशी ज्याचं भांडण झालं नाही असा माणूस नाही. इथे ते प्लाझाच्या पार्किंगमध्ये, झाडासाठी ठेवलेल्या दोन हात मातीच्या बेटावर अंडी घालतात आणि नर शेजारच्या गाड्यांच्या टपावर उभा राहून ग्राहकांना ओरडतो. सपाट छपरांवर घरटी असतात. पिल्लं मग वरून खाली उड्या मारतात.

आधी हे समजून घ्या की ते तुमच्या लॉनवर का येतात. गवत त्यांना नीट पचत नाही. म्हणून ते सतत खातात आणि सतत टाकतात. कोवळं, खत घातलेलं, आखूड कापलेलं गवत त्यांना सर्वांत आवडतं. दुसरं म्हणजे त्यांना सगळीकडचं दिसायला हवं. कोल्हा येताना दिसला पाहिजे आणि पाण्यात उडी मारायला रस्ता मोकळा पाहिजे. नदीपर्यंत उतरत जाणारं आखूड लॉन म्हणजे गीजसाठी पाट-रांगोळी मांडलेली पंगत. आपणच मांडलेली. मग वाढपी लोक 'पाहुणे उठत नाहीत' म्हणून तक्रार करतात.

तेव्हा उपाय पक्ष्यावर नाही, गवतावर करायचा. नदी आणि लॉन यांच्या मधला पट्टा कापायचाच नाही. गुडघ्याच्या वर वाढू द्यायचा, रुंदी सहा ते नऊ मीटर. उंच गवतातून चालत यायला त्यांना भीती वाटते, पलीकडचं दिसत नाही म्हणून. उडून मात्र येऊ शकतात. पण जून-जुलैत पिसं झडतात तेव्हा चार-पाच आठवडे मोठ्यांनाही उडता येत नाही आणि पिल्लांना तर येतच नाही. त्या काळात पाण्यातून गवतापर्यंत चालत जाण्याची सोय हीच त्यांची गरज. तिथेच अडवायचं.

बाकी जे लोक सुचवतील ते:

प्लास्टिकचा कोल्हा किंवा कायोटी (इकडचा कोल्ह्यासारखा प्राणी). चार दिवस. पाचव्या दिवशी त्याच्या सावलीत झोपतात. रोज जागा बदललीत तर थोडे जास्त दिवस.

हिरवा लेझर. पहाटे आणि संध्याकाळी अंधुक उजेडात काम करतो, भर दिवसा नाही. विमानतळाजवळ किंवा रस्त्याकडे रोखून वापरू नका, पोलीस येतील.

गवतावर फवारायचं द्राक्षाच्या वासाचं रसायन, मिथाइल अँथ्रानिलेट. पाऊस पडला की धुऊन जातं. इंग्लंडात कितपत टिकेल ते तुम्हीच ठरवा.

बॉर्डर कोली कुत्रे. सगळ्यांत गुणकारी, आणि तुमचं कोटेशन बहुधा त्याचंच असणार. कुत्रा बंद, गीज परत. म्हणजे कायमची वर्गणी.

अंड्यांना तेल लावणं. इथे हे अधिकृत आहे, पण सरकारी परवाना लागतो. मक्याचं तेल चोळलं की कवचाची छिद्रं बुजतात आणि आतला जीव वाढत नाही. मादी बसून राहते. अंडी उचलून नेली तर ती पुन्हा घालते, म्हणून उचलत नाहीत. आधी अंडं पाण्यात टाकून बघतात. तरंगलं तर आत पिल्लू बरंच वाढलंय, ते सोडून द्यायचं.

आमच्या गावात जूनमध्ये उडता न येणाऱ्या गीजना कुंपणात हाकत नेऊन, ट्रकमध्ये भरून लांब सोडतात. तरुण पक्षी तिकडे राहतात. म्हातारे वाटेवरचे पत्ते लक्षात ठेवून परत येतात.

फुकट_फौजदार | १३ एप्रिल

तात्पर्य, लॉनमोवर विका. ओव्हन ठेवा.

निरांजन | १३ एप्रिल

सगळे 'त्यांना कसं घालवायचं' यावरच बोलताहेत. नदी कोणाची होती आधी? फ्लॅट बांधले आपण, लॉन लावलं आपण, आणि उच्छाद त्यांचा? स्कूटरची चाकं धुवायला काय जातं? आपल्याकडे गायीच्या शेणावरून उडी मारून शाळेत गेलेली पिढी इंग्लंडात लेंडीवरून मीटिंग भरवते.

मिसिसागाकर | १३ एप्रिल

शेणाचा मुद्दा मान्य, त्यावर वाद नाही. पण 'आधी कोणाची' हा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका सोपा नाही. कॅनडा गीज इंग्लंडचे नाहीतच. १६६५ च्या सुमारास दुसऱ्या चार्ल्स राजाने लंडनच्या सेंट जेम्स पार्कात शोभेला म्हणून आणवले, तिथून पसरले. आज तिथे ते निसर्गात सोडणं बेकायदा आहे.

आमच्याकडे ते मूळचे. पण ज्या मोठ्या जातीचा आम्हाला त्रास होतो, ती १९५० च्या दशकात नामशेष झाली असं शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९६२ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या रोचेस्टरच्या तळ्यावर एक थवा सापडला. मग मोठ्या कौतुकाने वाढवले, गावोगावी सोडले. त्याच काळात गावोगावी लॉनं, गोल्फ कोर्स आणि तळी झाली. स्थलांतराची गरजच उरली नाही. तेव्हा दोष पक्ष्याचा नाही हे तुमचं खरं, पण 'काहीच करू नका' हे उत्तर तळ्याच्या पाण्याला परवडत नाही. लेंड्यांतलं नत्र आणि फॉस्फरस पाण्यात जातं, शेवाळ माजतं, आणि पोहण्याचे किनारे जंतूंपायी बंद होतात.

जर्सीचा_जावई | १४ एप्रिल

एक शंका. दोन्ही समस्या एकमेकींवर का सोडत नाही? हंस गीजना हाकलतो असं ऐकलंय. आमच्या कॉम्प्लेक्सच्या तळ्यात कोणीतरी हंस आणायचं म्हणत होतं.

केमवरची_नाव | १४ एप्रिल

थांबवा त्यांना. २०१२ मध्ये शिकागोजवळ हेच झालं. एका निवासी संकुलाच्या तळ्यात गीज येऊ नयेत म्हणून हंस ठेवले होते. त्यांची देखरेख करणारा माणूस कयाकमध्ये असताना हंस अंगावर आला, कयाक उलटली, पुन्हा चढू देईना. माणूस बुडाला. मी वर लिहिलेला नाव उलटण्याचा धोका तो हाच.

शिवाय हंस फक्त विणीच्या दिवसांत आणि तेही स्वतःच्या घरट्याभोवती गीज हाकलतो. थेम्सकाठींना विचारा, त्यांच्याकडे दोन्ही आहेत. गीज लॉनवर, हंस पाण्यात, आणि मधल्या मध्ये आजोबा.

जर्सीचा_जावई | १४ एप्रिल

बापरे. कळवतो ग्रुपवर.

शोधल्यावर आणखी सापडलं. आमच्याकडे अमेरिकेत म्यूट हंस परदेशी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगल्यांच्या तळ्यांत शोभेला आणले. मेरीलँडमध्ये १९६२ साली पाच हंस चेसापीक उपसागरात सुटले आणि १९९९ पर्यंत त्यांचे चारेक हजार झाले. पाण्याखालचं गवत मुळासकट उपटून खातात, स्थानिक पक्ष्यांना विणीच्या जागांवरून हुसकतात. २००४ मध्ये कायदा बदलून त्यांना स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणातून वगळलं. म्हणजे तिकडे राजाचा, इकडे घुसखोर. आणि गीजचं नेमकं उलटं. कॅनडा गीज इथे १९१८ च्या कायद्याने संरक्षित.

गीज म्हटलं की आम्हाला १५ जानेवारी २००९ आठवतो. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाहून निघालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत गीज गेले आणि वैमानिकाने ते हडसन नदीवर उतरवलं. १५५ जण वाचले. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये पार्कांतल्या गीजवर संक्रांत आली. २०१० च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कातले चारेकशे पकडून मारले. लोकांनी मेणबत्त्या घेऊन निषेध केला. गंमत, म्हणजे कसली गंमत, इंजिनांतल्या पिसांची तपासणी केली तेव्हा ते पक्षी उत्तरेकडून आलेले स्थलांतरित निघाले होते, पार्कातले नव्हेत.

मेनकाठी | १५ एप्रिल

फ्रँकफर्टहून हजेरी. आमच्याकडे तिसराच पाहुणा: नाइल गूज, जर्मनमध्ये निलगान्स. डोळ्याभोवती तपकिरी डाग, आवाज फाटका, स्वभाव त्याहून वाईट. आफ्रिकेतला पक्षी, युरोपात शोभेसाठी पाळलेला, तिथून निसटलेला. २०१७ पासून युरोपियन युनियनच्या आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत आहे.

आमचा ब्रेंटानोबाड हा उघड्यावरचा पोहण्याचा तलाव, एकटा हौदच २२० मीटर लांब. भोवती लॉन. उन्हाळ्यात टॉवेल टाकायला जागा शोधावी लागते, माणसांमुळे नाही, लेंड्यांमुळे. नगरपालिकेने काही पक्ष्यांना गोळ्या घालायला परवानगी दिली तेव्हा शहरात रणकंदन झालं. शेवटी उपयोग झाला तो दृष्टी अडवणाऱ्या आडोशांचा. मिसिसागाकर म्हणतात तेच. दिसत नाही तिथे बसत नाहीत.

जाता जाता, थेम्सकाठी, हंस काचेवर चोची मारतो का? खालच्या मजल्यांना सरकती दारं असतील तर मारेल. प्रतिबिंब म्हणजे त्याला दुसरा नर वाटतो. खालच्या हातभर उंचीवर दुधी फिल्म चिकटवा.

थेम्सकाठी | १५ एप्रिल

अगदी! मार्चमध्ये तळमजल्यावरच्या बाईंनी 'कोणीतरी पहाटे दार ठोठावतं' म्हणून पोलिसांना फोन केला होता. आता उलगडा झाला. कॅनॉलवर नावेत राहणारा माझा एक सहकारी सांगतो की त्याच्याकडे तर हंस पहाटे साडेचारला लोखंडी बुडावर चोच आपटून नाश्ता मागतात.

निफाडकर | १६ एप्रिल

आम्ही फक्त वाचत होतो, पण राहवेना. नांदूर मधमेश्वरला दर हिवाळ्यात पट्टकादंब (गीजचीच एक जात) येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून. ७ हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद आहे. दिवसभर पाण्यात नाहीतर गाळपेरावर, आणि संध्याकाळी कलकलत हरभऱ्याच्या, गव्हाच्या कोंबांवर. शेजारच्या रानात हरभरा कातरलेला बघून म्हातारा शिव्या घालतो आणि दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेल्या दुर्बीणवाल्यांना चहा पाजून तोच पक्षी दाखवतो. एप्रिलपर्यंत परत जातात हा मोठा फरक. तुमच्याकडचे जातच नाहीत, तिथेच दुखणं आहे. पाहुणा तीन महिने असला तर कोणीही सोसतं.

निरांजन | १६ एप्रिल

निफाडकर, शेवटचं वाक्य थेम्सकाठींच्या आईंनी वाचू नये. :)

थेम्सकाठी | १६ एप्रिल

वाचलं तिने. तिकीट जुलैअखेरचं आहे असं कळवायला सांगितलंय.

पोळीचा प्रश्न तसाच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी 'ब्रेडने हंसांचे पंख वाकडे होतात' असा मेसेज टाकला. आई घाबरली आणि तेव्हापासून नुसती उभी राहते. मला तिचा चेहरा बघवत नाही. खरं आहे का?

केमवरची_नाव | १७ एप्रिल

पंख वाकडे वाढण्याचा आजार खरा आहे, पण तो ब्रेडमुळेच होतो याला पुरावा नाही. 'ब्रेड घालू नका' मोहीम जोरात आली तेव्हा अनेकांनी खायला घालणंच बंद केलं, आणि हंस उपाशी राहू लागल्याच्या तक्रारी आल्या. राजघराण्याचे हंस-अधिकारी, ऑक्सफर्डचे प्राध्यापक ख्रिस्तोफर पेरिन्स यांनी मग स्पष्ट केलं की ब्रेडने अपाय होत असल्याचा पुरावा नाही. तेव्हा काकूंना पापाचं ओझं नको. बुरशी आलेलं मात्र अजिबात नको.

खरा मुद्दा वेगळा. कुठे घालतो ते महत्त्वाचं. जेटीवरून घातलं की हंस 'माणूस आला, जेटीवर अन्न आलं' हे शिकतो. मग ज्याच्या हातात पोळी नाही तो आजोबा त्याला फसवणूक करणारा वाटतो. आणि लॉनवर घातलं की गीज. काकूंना सांगा, घरापासून दूर, लॉन नसलेल्या काठावरून थेट पाण्यात टाका. बारीक चिरलेली कोबी, पालक, लेट्यूस, भिजवलेले गव्हाचे दाणे जास्त चांगले.

आणि मेलेला किंवा मान वेडीवाकडी करणारा पक्षी दिसला तर हात लावू नका. २०२१ पासून इथे बर्ड फ्लूने बरेच हंस गेलेत. सरकारी हेल्पलाइनवर कळवायचं. जखमी असेल, गळ-दोर अडकली असेल, तर तुमच्या पट्ट्यात डॅचेटची स्वान सपोर्ट संस्था आहे.

थेम्सकाठी | ५ मे

मीटिंग झाली. दोन तास. त्यातला दीड तास पार्किंगवर गेला, हे सांगायला नको.

नदीलगतचा पट्टा न कापण्याचा ठराव मांडला. विरोध कुठून आला माहितीये? ज्यांनी गीज मारा म्हणून आरोळी दिली होती तिथूनच. 'गवत वाढलं की जागा गबाळी दिसते, फ्लॅटची किंमत उतरते.' मी म्हटलं, आत्ता फ्लॅट बघायला येणारा माणूस बुटांच्या तळव्याला काय घेऊन परत जातो? शेवटी 'रानफुलांचा पट्टा' असं नाव दिल्यावर एकमताने मंजूर. बियांचं पाकीट आणायचं काम माझ्याकडे आलं.

गवत वाढायला वेळ आहे म्हणून यंदापुरती जाळी लावायची. अंड्यांना तेल वगैरे नको असं ठरलं. इथे कॅनडा गीजसाठी जनरल लायसन्स असतं, पण ते सार्वजनिक आरोग्य किंवा पिकांचं नुकसान अशा ठरावीक कारणांसाठी, आणि आधी बाकीचे उपाय करून बघायची अट असते. लॉन घाण होतं एवढ्यावर त्यात शिरायचं नाही असं वकीलसाहेबांनी (तिसरा मजला) बजावलं. कुत्र्यांच्या कंपनीला नकार कळवला.

दोरी आणि पाटी लावली. पाटीवर आजोबांनी स्वतः हंसाचं चित्र काढलंय. रागीट.

थेम्सकाठी | २ जून

पाच पिल्लं. चार राखाडी, एक पांढरं. आई पांढऱ्यावर जास्त खूश. ते आजारी आहे का?

केमवरची_नाव | २ जून

आजारी नाही, रंगाची एक जात असते, तिला 'पोलिश' म्हणतात. पण त्याला पुढे थोडा त्रास आहे. बाप गेल्या वर्षीच्या पिल्लांना हिवाळ्याअखेर हाकलतो, ती राखाडी-तपकिरी राहतात तोवर सहन करतो. पांढरं दिसलं की मोठा परका हंस समजून लवकर मागे लागतो. काकूंना आत्ताच सांगू नका.

मिसिसागाकर | १६ जून

लॉनचं काय? गीजची पिसं झडायचे दिवस आता.

थेम्सकाठी | १८ जून

जाळीमुळे चालत येणं बंद. पिल्लांसकट सगळा जथा शेजारच्या ऑफिस पार्कच्या हिरवळीवर सरकलाय. तिकडचे लोक आमच्याकडे बघून बोटं दाखवतात. काही उडून येणारे आहेत अजून, पण टूथब्रश कमी लागतो.

एका टोकाला, जेटीच्या बाजूने, मात्र एक कुटुंब आत शिरतं. तिथे जाळी फळीपर्यंत पोचत नाही, वीतभर फट राहिलीये.

फुकट_फौजदार | १८ जून

ऑफिस पार्कवाल्यांना धाग्याची लिंक द्या.

थेम्सकाठी | १७ जुलै

काल स्वान अपिंग, म्हणजे थेम्सवरच्या हंसांची वार्षिक मोजणी, आमच्या घाटावरून गेलं. दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सनबरी ते अ‍ॅबिंग्डन पाच दिवस नावा वल्हवत जातात. राजाची माणसं लाल कोटात, बरोबर व्हिंटनर्स आणि डायर्स या लंडनच्या दोन जुन्या व्यापारी मंडळांची. या दोघांनाही पंधराव्या शतकापासून थेम्सवर हंस ठेवायचा हक्क आहे. नावांनी कुटुंबाला वेढलं, 'ऑल अप' असा पुकारा झाला, आणि आमच्या दादा हंसाला कोणीतरी सरळ उचलून काठावर ठेवलं. पाय मागे अंगाला आवळून मऊ दोरीने बांधलेले, पंख मिटलेले, मान नुसती इकडेतिकडे. ज्याने आम्हाला महिनोन्‌महिने जेटीवर पाय ठेवू दिला नाही, तो निमूटपणे पडून. पिल्लांची वजनं घेतली, मापं घेतली, पायात कड्या घातल्या, एकाच्या चोचीपाशी अडकलेला गळाचा आकडा काढला. पुढच्या क्षणी सगळे पाण्यात.

आईने त्यांतल्या एकाला मराठीतून विचारलं, पांढऱ्याचं वजन किती भरलं. त्याने इंग्रजीतून सांगितलं, चांगलं आहे. दोघांचं समाधान झालं.

पाण्यात परत गेल्यावर दोन मिनिटांनी दादाने माझ्या कयाकवर पंख उभारले. आजोबा म्हणाले, राजाचा राग आमच्यावर.

निरांजन | १७ जुलै

फोटो हवेत!!

जर्सीचा_जावई | १८ जुलै

थेम्सकाठी, आमच्याकडेही हंसाचा बेत रद्द होऊन जाळी आणि उंच गवत ठरलंय. जाळी किती उंच घेतलीत? इथला दुकानदार पाच फूट म्हणतो, त्याला बहुधा मोठी विकायचीये.

मिसिसागाकर | १८ जुलै

पाच फूट कशाला. गूज जाळीवरून उडत नाही, उडायचं असेल तर थेट वरून येऊन उतरतो. चालत येणाऱ्याला अडवायला पाऊण ते एक मीटर पुरे. भोकं तीन इंचांपेक्षा लहान, नाहीतर पिल्लं आरपार जातात आणि आई अलीकडे बोंब मारते. खालची कड जमिनीला टेकलेली हवी आणि दोन्ही टोकं पाण्यात थोडी आत नेऊन वळवायची. थेम्सकाठी, तुमची ती जेटीजवळची फट याच कारणाने राहिलीये. तिथे एक फळी उभी ठोका.

थेम्सकाठी | १९ जुलै

ठोकतो शनिवारी. जावई, आमची ९० सेंटिमीटरची आहे, हिरवी प्लास्टिकची. खांब बांबूचे घेऊ नका, इथे एका वादळात आडवे झाले. लोखंडी टी-पोस्ट घ्या.